चासीच्या कामात नवीन येताय? आधी ओळंबा धरायला शिका

जुन्या स्पोर्ट्स कारच्या कामात येणाऱ्या बहुतेक मुलांना पहिल्या दिवसापासून वेल्डिंग गन हवी असते. मी त्यांच्या हातात ओळंबा, खडू आणि टेप देतो. चासी म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा; ती मजबूत करण्याच्या कामात मापांना वेल्डिंगपेक्षा जास्त वेळ जातो. ज्याला मापांचा कंटाळा आहे, त्याने दुसरं काहीतरी धरावं.

गाडी सपाट फरशीवर, स्टँडवर घ्यायची. सस्पेन्शनच्या बोल्टांपासून ओळंबा सोडून फरशीवर खुणा करायच्या आणि कर्ण मोजायचे. कर्ण जुळत नसतील तर चासीने कधीतरी मार खाल्लाय. ती आधी सरळ करायची. वाकड्या चासीवर पट्ट्या ठोकल्या की तो वाकडेपणा पक्का होतो.

मग तडे. शिकायला उत्तम उदाहरण ट्रायम्फ टीआर६ या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं. तिच्या आधीच्या, १९६५ च्या टीआर४ए मध्ये स्वतंत्र मागचं सस्पेन्शन आलं, तेव्हापासून या गाड्यांचं डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) चासीच्या ब्रॅकेटांवरच्या चार खुंट्यांवर टांगलेलं असतं. क्लच सोडला की पिनियनचा (त्यातल्या छोट्या दातेरी चाकाचा) पीळ डिफरन्शियलला एका अंगाला उचलू बघतो, आणि पुढच्या उजव्या खुंटीचं ब्रॅकेट बहुधा सगळ्यात आधी तडकतं. ड्रायव्हरला क्लच सोडताना मागून ‘ठक्’ ऐकू येतं. खाली वाकून पाहिलं तर काळ्या चिकट थरापलीकडे काही दिसत नाही. वायरब्रशने लोखंड उघडं करा, डाय पेनिट्रंटचा, म्हणजे भेगेत शिरणारा, लाल रंग मारा, थोडं थांबून पुसा आणि वर पांढरा डेव्हलपर फवारा. पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली की तडा सापडला.

तडा ग्राइंडरने खोलवर उघडून भरायचा, पण नुसता भरलात तर तो पुन्हा येणारच, कारण ब्रॅकेट एका बाजूने उघडं आहे. काड्यापेटीचा आतला खण बोटांनी सहज पिळता येतो, वर आवरण चढवलं की पिळत नाही. त्यामुळे ब्रॅकेटची उघडी बाजू पत्र्याने बंद करायची. तिथे जाड पत्र्यापेक्षा बंद पेटीचा आकार कितीतरी जास्त काम करतो.

जाडीचा मोह तर वाईटच. पातळ चासीवर जाडजूड पट्टी लावली की ताण पट्टीच्या कडेला गोळा होतो आणि नवा तडा तिथेच जन्मतो. म्हणून पट्टीची टोकं निमुळती ठेवायची. चासीच्या दांड्यावर सरळ आडवा वेल्ड शक्यतो टाळायचा.

वेल्डिंगआधी बॅटरी सोडवायची आणि पेट्रोलची टाकी उतरवायची. नुसती रिकामी केलेली टाकी भरलेलीपेक्षा घातक, आत वाफ असते. छोटे छोटे टाके, एकदा इकडे एकदा तिकडे, मध्ये गार होऊ देत, आणि दर थोड्या वेळाने पुन्हा कर्ण. बिनछताच्या गाडीची बॉडी उचलण्याआधी दरवाजाच्या चौकटीत आडवे आधार लावायचेच, नाहीतर परत बसवताना दरवाजे लागत नाहीत.

प्रत्येक चासी मजबूत करण्यालायक नसते, हेही ओळखता यायला हवं. १९६२ मध्ये आलेल्या लोटस एलान या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा कणा, म्हणजे मधली चासी, वाकवलेल्या पातळ पत्र्याचा. हेडलाइट उचलणाऱ्या व्हॅक्यूमची टाकी म्हणून पुढचा आडवा भागच वापरलेला, आणि तो आतून गंजतो. अशा पत्र्यावर ठिगळं लावण्यापेक्षा नवी गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेली) चासी घालणं शहाणपणाचं, आणि ती लोटसनेही पुढे पुरवली. मालकाला हे सांगायला जड जातं, काम हातचं जातं असं वाटतं. तरी सांगायचं.

सरावासाठी भंगारातला दोन मिलीमीटरचा पत्रा घ्या. जोड वेल्ड करा, मग करवतीने आडवा कापून बघा की धातू खरंच आतवर वितळलाय की नुसता वर बसलाय. वरून देखणे दिसणारे बरेच वेल्ड इथेच नापास होतात. शेवटी बंद केलेल्या प्रत्येक पेटीला खालून पाणी निघायला भोक ठेवा आणि आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं मेण, फवारा. मालकाला द्यायचे फोटो मात्र पेटी बंद करण्याआधीच काढून ठेवा.