क्लासने फी परत द्यायला नकार दिलाय? या चुका टाळा

‘एकदा भरलेली फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.’ पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत ही ओळ असते. काउंटरवरचा माणूस तिच्यावर बोट ठेवतो आणि बहुतेक पालक तिथूनच माघारी फिरतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेचे पैसे पावतीत दिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसेल तर ३० दिवसांत परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. क्लासने स्वतःच छापलेल्या ओळीने कायद्याचं कलम पुसलं जात नाही. ‘सर्व वाद अमुक शहराच्या न्यायकक्षेत’ या ओळीलाही घाबरू नका; तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते.

मात्र सेवेत खोट होती हे तुम्हाला दाखवावं लागतं. जाहिरातीतले शिक्षक फिरकलेच नाहीत, बॅच सुरूच झाली नाही, प्रत्यक्ष वर्ग सांगून ऑनलाइन लिंक हातात दिली, अशी बाजू भक्कम. ‘मुलाचं मन लागत नाही’ एवढंच कारण असेल तर पूर्ण फीचा हट्ट धरू नका, उरलेल्या काळाची मागा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हेच आहे: पूर्ण फी भरून मधेच क्लास सोडला तर उरलेल्या काळाचे पैसे १० दिवसांत परत, हॉस्टेल आणि मेसचेसुद्धा. या सूचना राज्यांसाठी आहेत, त्यामुळे केवळ त्यांच्या भरवशावर राहू नका, पण पत्रात त्यांचा उल्लेख जरूर करा.

पत्र म्हणतोय, कारण बहुतेकांचं भांडण फोनवरच संपतं. काउन्सिलर गोड बोलतो, ‘वरून अप्रूव्हल आलं की करतो’ म्हणतो आणि इकडे महिने जातात. उद्या आयोगापुढे तुम्ही क्लास नेमका कधी सोडलात हाच वाद होईल. म्हणून सोडल्याच दिवशी ईमेल करा: कोणत्या तारखेपासून येणार नाही, का, किती रक्कम परत हवी आणि ती कशी काढली. त्याआधी माहितीपत्रक, जाहिरात, व्हॉट्सअ‍ॅपवरची आश्वासनं यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. तक्रार करताच ग्रुपमधून काढून टाकायची क्लासवाल्यांना भारी घाई असते. आणि पैसे मागत असताना ‘तोवर दुसऱ्या बॅचला बसा’ हे मान्य करू नका.

फी कर्जावर भरली असेल तर रागाच्या भरात हप्ते थांबवू नका. कर्जाचा करार बँकेशी किंवा वित्तसंस्थेशी असतो. हप्ता चुकला की सिबिल स्कोअर तुमचा पडतो, क्लासचा नाही. डिजिटल कर्ज अगदी नुकतंच घेतलं असेल तर त्याचा कूलिंग-ऑफ काळ तपासा, त्यात दंडाशिवाय कर्ज परत करता येतं. तो उलटला असेल तर वादाची लेखी कल्पना वित्तसंस्थेलाही द्या.

१९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन पहिली पायरी म्हणून चांगली, काही क्लास तेवढ्यानेच वठणीवर येतात. पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही आणि तिथे वाट पाहताना तक्रारीची २ वर्षांची मुदत थांबत नाही. उत्तर टोलवाटोलवीचं आलं की जिल्हा आयोगाकडे वळा. तिथे ५० लाखांपर्यंत भरलेल्या रकमेची प्रकरणं चालतात, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते.

एक फरक मात्र आधीच तपासा. पदवी देणारं कॉलेज आणि खाजगी क्लास यांना एकच माप लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याबाहेर ठेवल्या, कोचिंग क्लास मात्र त्याच्या कक्षेतच ठेवले. कॉलेजच्या प्रवेशाची फी अडली असेल तर यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) किंवा एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद) यांच्या फी परताव्याच्या नियमांचा आधार घेऊन तिकडेच तक्रार करा.