उंचावर डोकं ठणकायला लागलं तर

२५०० मीटरच्या वर गेलात आणि डोकं दुखायला लागलं की ऊन लागलं असेल, झोप झाली नसेल अशी कारणं शोधत बसू नका, उंचीचाच त्रास आहे असं धरून चाला. सोबत मळमळ, चक्कर, जेवण नकोसं होणं, चार पावलांत गळून जाणं यातलं काही असेल तर मग शंकाच नको. आणि हे पोचल्या पोचल्या होत नाही बरं का, बऱ्याचदा ६ ते १२ तासांनी सुरू होतं, म्हणून दुपारी टेंटबाहेर फोटो काढत फिरणारा माणूस रात्री उलट्या करत असतो.

फिटनेसचा इथे काही उपयोग नाही. वरच्या हवेत पण ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण दाब कमी (५५०० मीटरला जवळपास निम्मा) त्यामुळे दर श्वासाला कमी मिळतो, आणि त्याची सवय व्हायला दिवस लागतात, मग तुम्ही मॅरेथॉन पळणारे का असेनात.

त्रास सुरू झाला की आणखी वर चढायचं नाही, बस. तिथेच थांबा, पाणी तहानेपुरतं प्या (लिटरभर ढोसून हे बरं होत नाही), पॅरासिटामॉल चालेल, दारू आणि झोपेची गोळी अजिबात नको. दिवसभरात कमी झालं तर पुढे, नाही झालं तर खाली. ३०० ते १००० मीटर उतरलं की बहुतेकांना बरं वाटतं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची तर निघायच्या आधीच डॉक्टरांना विचारा, सल्फाची अॅलर्जी असेल तर सांगा, त्या गोळीने बोटांना मुंग्या येतात त्याला घाबरू नका.

आता खरी भीतीची गोष्ट. संशय आला की त्या माणसाला टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालायला सांगा. झोकांड्या जात असतील, बोलणं असंबद्ध असेल तर मेंदूला सूज येतेय. बसल्या जागी धाप, सारखा खोकला, ओठ निळसर, म्हणजे फुफ्फुसात पाणी. यात सकाळची वाट बघायची नाही, ऑक्सिजन असेल तर लावा आणि लगेच खाली न्या, सॅक दुसऱ्याने घ्या, एकट्याला कधीच पाठवू नका. "मी ठीक आहे" असं तो म्हणेल, ग्रुपचा प्लॅन बिघडायला नको म्हणून सगळेच म्हणतात, ऐकू नका.

पुढच्या वेळी ३००० मीटरनंतर झोपायची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच मुक्काम करा, प्लॅन बनवतानाच तो दिवस धरा, कारण वर गेल्यावर सुट्टी उरलेली नसते.