रहस्यपटाचा पुढचा भाग नेमका कुठे फसला, हे कसे तपासावे

मालिकेतील गुप्तहेर पुन्हा पडद्यावर आला आणि निराशाच पदरी पडली, तर ठाण्यातील आपल्या चित्रपट मंडळात केवळ ‘पहिल्याची सर नाही’ एवढ्यावर चर्चा थांबवू नये. तो चित्रपट शेवट ठाऊक असताना पुन्हा पाहावा, कारण रहस्यपटाचा कस दुसऱ्यांदा पाहतानाच लागतो.

वहीत दोन रकाने आखावेत. एकात पडद्यावर दिसलेला प्रत्येक दुवा मिनिटासह नोंदवावा. दुसऱ्यात गुप्तहेराने अखेरीस उलगडा करताना दिलेली कारणे लिहावीत. ज्या कारणाला पहिल्या रकान्यात जोडच सापडत नाही, तिथे प्रेक्षकावर अन्याय झाला आहे. गुप्तहेराला मिळालेला दुवा वाचकासमोर तत्काळ ठेवला पाहिजे, हा इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये सांगितलेला नियम चित्रपटालाही लागू पडतो.

चित्रपट कादंबरीवर आधारित असेल, तर ती अवश्य वाचावी. १८९३ पासूनचे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय त्यासाठी जवळच आहे. दिग्दर्शक केनेथ ब्राना यांचा २०१७ चा ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ आणि त्यानंतरचा २०२२ चा ‘डेथ ऑन द नाइल’ ही जोडी अभ्यासाला उत्तम आहे. दुसऱ्या चित्रपटाचा आधार असलेल्या अगाथा ख्रिस्ती यांच्या १९३७ च्या त्याच नावाच्या कादंबरीतही मुख्य खून बराच उशिरा होतो, त्यामुळे केवळ संथपणाचा दोष चित्रपटाला देता येत नाही. मात्र कादंबरीत कर्नल रेस एका वेगळ्याच गुन्हेगाराच्या मागावर बोटीवर येतो आणि संशयाची आणखी एक वाट उघडते. चित्रपटात रेस नाही, त्याच्या जागी पहिल्या भागातील बूक हा मित्र आहे. शिवाय दोन्ही चित्रपटांतील गुप्तहेर प्वारो याच्या मिशांमागची युद्धकथा सांगणारा कृष्णधवल प्रारंभ मूळ कादंबरीत नाही. गुप्तहेराच्या भूतकाळाला दिलेला वेळ संशयितांच्या वाट्यातून जातो, आणि माझ्या मते उत्तरभाग बहुतेकदा इथेच घसरतो.

बैठकीला पहिला भाग न पाहिलेला एक तरी सदस्य आवर्जून बोलवावा, कारण जुन्या ओळखीवर विसंबलेले प्रसंग त्यालाच चटकन खटकतात. निमंत्रणाच्या संदेशात खुन्याचे नाव येऊ देऊ नये. रकाने आधी वाचावेत आणि आवडीनिवडीची मते त्यानंतरच विचारावीत.