टॅटूची जागा ठरवताना: आधी कातडीकडे बघा, मग चित्राकडे

माझ्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला ‘धैर्य’ हा शब्द आहे. एकोणीस वर्षांपूर्वी काढून घेतला, अक्षरांची उंची जेमतेम ५ मिलिमीटर. पहिली काही वर्षं तो कोरल्यासारखा दिसायचा. मग ‘ध’च्या डोक्यावरची फट हळूहळू बुजली, वरच्या दोन मात्रा एकमेकींना चिकटल्या, आणि आज नवखा माणूस तो ‘घेर्य’ असा वाचतो. त्या वेळी मी टॅटू काढायला शिकलेही नव्हते. आता बारा वर्षं हेच काम करते आणि कुणी मनगटावर बारीक अक्षरं मागितली की आधी माझं मनगट दाखवते.

शाई कातडीच्या अगदी वरच्या थरात टिकत नाही, कारण तो थर साधारण महिनाभरात झडून नवा येतो. म्हणून सुई त्याच्या खालच्या थरात, सुमारे १ ते २ मिलिमीटर खोल, शाई सोडते. तिथे शरीराच्या संरक्षक पेशी रंगाचे कण गिळून बसतात. त्या पेशी मेल्या की रंग सुटतो आणि नव्या पेशी तोच रंग पुन्हा गिळतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर हे दाखवून दिलं. थोडक्यात, टॅटू जिवंत कातडीत राहतो, आणि ती कातडी जे जे सोसते ते त्यालाही सोसावं लागतं. रेषा वर्षागणिक थोड्या जाड होतात, कडा मऊ पडतात. सुई फार खोल गेली, तर शाई खालच्या चरबीत पसरते आणि रेषेभोवती निळसर सावली उमटते. याला ब्लोआउट म्हणतात. मनगट, घोटा, दंडाची आतली बाजू इथली कातडी पातळ, म्हणून तिथे हा धोका जास्त.

जागा मनात आली की दोन-तीन दिवस नुसतं तिच्याकडे लक्ष ठेवा. तिथे घडी कुठे पडते? घड्याळाचा पट्टा, पँटची कंबर, बुटाची कड घासते का? ऊन किती लागतं? वजन वाढलं-घटलं की ती जागा किती ताणली जाते? या प्रश्नांची उत्तरं चित्रापेक्षा महत्त्वाची आहेत, असं मी अनुभवाने सांगते.

दंडाची बाहेरची बाजू, कोपराखालचा हात, खांद्याच्या पात्याभोवतालची पाठ आणि पोटरी या जागा सहसा निराश करत नाहीत. माझ्या डाव्या दंडावर तळहाताएवढं पान आहे, मनगटावरच्या शब्दाहून फक्त चार वर्षांनी लहान. त्याच्या शिरा अजून मोजता येतात. माझ्या बोटावरची अंगठीसारखी रेघ मात्र दोनदा टच-अप करूनही, म्हणजे पुन्हा शाई भरूनही, तुटक झाली आहे. बोटांच्या कडा, तळहात, तळपाय इथली कातडी जाड, सतत घासली जाणारी. तिथला रंग कुठे उडतो, कुठे पसरतो. तरीही बोटावर हवाच असेल, तर तो पुन्हा पुन्हा भरावा लागेल हे मान्य करूनच बसा. कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत बारीक काम नको.

पोट आणि कंबरेच्या बाजू गरोदरपणात खूप ताणल्या जातात. पुढे मूल हवं असेल, तर तिथलं वर्तुळ किंवा सरळ रेघांची नक्षी मी पुढे ढकलायला सांगते. वेलीसारखं मोकळं चित्र ताण जास्त सहन करतं.

दोन बाबतींत मात्र मी ऐकत नाही. तिळावर टॅटू काढत नाही, कारण तिळाचा आकार-रंग बदलणं ही त्वचेच्या कर्करोगाची खूण असू शकते आणि शाईखाली ती दिसत नाही. आणि ज्यांच्या जखमांवर कातडी गाठीसारखी वाढते, म्हणजे केलॉइड होतात, त्यांनी आधी त्वचारोगतज्ज्ञाला भेटावं. छाती आणि खांदे या त्यांच्यासाठी विशेष जोखमीच्या जागा.

आता आकार. चित्र खऱ्या मापात कागदावर छापा आणि प्रत्येक रेघ दुप्पट जाड पेनने गिरवा. मधली मोकळी जागा उरली, तर चित्र टिकेल. बुजली, तर मोठं करा किंवा तपशील काढून टाका. देवनागरीत ही परीक्षा फार कामाची आहे. ‘भ’ची फट बुजली की ‘म’ होतो, ‘ध’चा ‘घ’ होतो, अनुस्वार शिरोरेषेत मिसळतो. मी आता १२ मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर काढत नाही, जोडाक्षर असेल तर त्याहूनही मोठं. नाव आईचं असेल, मुलीचं असेल, तर ते वीस वर्षांनीही तेच वाचलं गेलं पाहिजे ना!

रंगांमध्ये काळा सगळ्यात भरवशाचा. आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेल्या, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या ओत्झी नावाच्या गोठलेल्या माणसाच्या अंगावर टॅटूच्या ६१ खुणा आहेत, त्या काजळीच्या कणांच्या. बहुतेक नुसत्या आखूड, समांतर रेघा. पांढरा, पिवळा आणि फिके रंग लवकर मावळतात, सावळ्या कातडीवर तर ते सुरुवातीपासूनच कमी उठतात. लाल रंगाची अॅलर्जी इतरांपेक्षा जास्त आढळते. रंग हवे असतील तर काळी आउटलाइन भक्कम ठेवा, म्हणजे रंग फिकट झाले तरी आकार उभा राहतो.

स्टेन्सिल, म्हणजे सुई लावण्याआधी कातडीवर उमटवलेला चित्राचा छाप, नेहमी उभं राहून लावून घ्या, हात सैल सोडून. टेबलावर आडवं पडल्यावर सरळ दिसलेली रेघ उभं राहताच वळते. पसंत नसेल तर स्टेन्सिल पुसायला सांगा, तीनदा सांगावं लागलं तरी. त्यात संकोच नको.

वरची जखम भरायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. तोवर पोहणं बंद, खपली ओढायची नाही, थेट ऊन नाही. पूर्ण भरल्यावर उघड्या जागेला रोज किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन लावा. माझ्या पानाचा अर्धा भाग बाहीखाली झाकलेला असतो आणि अर्धा उघडा. मधली सीमा आरशात स्पष्ट दिसते, बाहीच्या शिवणीइतकी सरळ.