चित्रावरून ग्लेझ सरकतं तेव्हा

कॅनव्हासची सवय हातात असली की बिस्कवरही, म्हणजे एकदा भाजलेल्या, ग्लेझ न दिलेल्या मातीच्या भांड्यावरही, आपण रंगाचे जाड थर चढवतो. माझ्या प्लेट्सवर नेमकं तेच झालं. भट्टीतून काढल्या तेव्हा जिथे कोबाल्टचा निळा रंग जाड होता तिथूनच पारदर्शक ग्लेझ (वरचा काचेसारखा थर) मागे सरकून मण्यांसारखं गोळा झालं होतं. मधला पट्टा काळसर, खरखरीत. पातळ फटकाऱ्यांवर मात्र ग्लेझ आरशासारखं बसलेलं.

कारण साधं आहे. बिस्क पाणी शोषतं म्हणून ग्लेझ त्याला धरतं. जाड, डिंक घातलेला रंग ती छिद्रं बुजवतो. मग ग्लेझ नुसतं वर सुकतं, त्याला भेगा जातात आणि वितळताना त्या भेगांपासूनच ते मागे हटतं. धूळ आणि हाताचा तेलकटपणा यांनीही हेच होतं.

आता बिस्क ओल्या स्पंजने पुसून रात्रभर सुकवते. कोबाल्ट कार्बोनेट १ भाग, फ्रिट (वितळवून दळलेली काच) १ भाग, पाणी जलरंगाइतकं पातळ, डिंक नाही. कोरडी पूड हाताळताना मास्क हवाच. रंगवलेलं बोटाने पुसलं जातं, म्हणून ग्लेझआधी पुन्हा ९०० अंशांवर भाजून घ्यावं. ग्लेझमध्ये ३ सेकंदच बुडवायचं. सुईने ओरखडा काढून पाहिलं तर थर साधारण १ मिलिमीटर भरावा.

चित्रकाराला सर्वांत जड जातं ते डोळ्यांवर विसंबणं सोडणं: कोबाल्ट कार्बोनेट ब्रशवर फिकट जांभळं दिसतं, निळं होतं ते भट्टीत. म्हणून प्रत्येक छटेची टेस्ट टाइल (चाचणीचा छोटा तुकडा), मागे प्रमाण कोरलेली.