चेंडू येण्याआधीचं काम: आंतरराष्ट्रीय मिडफिल्डर व्हायचं असेल तर

फुटबॉलमध्ये मिडफिल्डरचं, म्हणजे मधल्या फळीत खेळणारीचं, निम्मं काम चेंडू पायाशी येण्याआधीच उरकलेलं असतं. नव्या मुली मागे पडतात त्या इथेच. पाय चांगला, दम चांगला, पण मान वर होते ती चेंडू आल्यावर. आंतरराष्ट्रीय सामन्यात तेवढी उसंत कोणी देत नाही.

खांद्यावरून मागे बघायची सवय लावायची, आणि बघायचं तेही वेळ साधून. चेंडू सहकारी खेळाडूकडे पोचतोय तेव्हा एकदा, ती पाससाठी पाय उचलते त्याच्या अगदी आधी दुसऱ्यांदा. पास निघाला की नजर चेंडूवर. चेंडू वाटेत असताना मागे बघितलं तर पहिला टच हुकणारच. सरावाला 10 मीटरचा चौकोन पुरतो. मधे तुम्ही, समोर पास देणारी, पाठीमागे तिसरी. तिसरीने बोटं दाखवायची आणि चेंडू पायाला लागण्याआधी तुम्ही आकडा मोठ्याने सांगायचा. हे जमलं की बोटं बंद. तिने डावीकडे किंवा उजवीकडे सरकायचं, तुम्ही मोकळ्या बाजूला वळायचं. चेंडू घ्यायचा लांबच्या पायाने, अंग अर्धं वळवून. जवळच्या पायाने घेतला की तोंड आपल्याच बचावफळीकडे राहतं, आणि मग मागे पास देण्याखेरीज काही उरत नाही.

मिडफिल्डर म्हणजे एकच जागा नव्हे. बचावफळीपुढे उभी राहून चेंडू हिसकावणारी 6 नंबरची, दोन्ही पेनल्टी क्षेत्रांमध्ये धावणारी 8 नंबरची, स्ट्रायकरच्या मागे खेळणारी 10 नंबरची. 2023 च्या महिला विश्वचषकात प्रत्येक संघात 23 जणी होत्या, त्यातल्या 3 गोलकीपर. उरलेल्या 20 मधून मधल्या फळीच्या वाट्याला सहा-सात जागा आल्या तर आल्या. म्हणून एक जागा पक्की हवी आणि दुसरी निभावून नेता आली पाहिजे. शिवाय कॉर्नर आणि फ्री किकवर तुमचं ठरलेलं काम हवं. 2011 च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जपानच्या होमारे सावाने 117 व्या मिनिटाला बरोबरीचा गोल केला, तो कॉर्नरवर जवळच्या खांबाकडे धाव घेऊन, पायाच्या बाहेरच्या बाजूने चेंडू वळवून. पुढे जपानने पेनल्टी शूटआउटमध्ये विश्वचषक जिंकला.

निवडीसाठी पाठवायचा व्हिडिओ बहुतेकजणी गोल आणि ड्रिबलिंगने भरतात. तो बघून मिडफिल्डर कळत नाही. त्यापेक्षा तगड्या संघाविरुद्धचा एक पूर्ण सामना पाठवा, हरलेला असला तरी चालेल. चेंडू गमावल्यावर पुढचे पाच सेकंद तुम्ही काय करता, हे प्रशिक्षक त्यातच शोधतात.

आता शरीर, कारण कारकीर्द तिथेच लांबते किंवा तुटते. एका सामन्यात मिडफिल्डर साधारण 10 ते 11 किलोमीटर धावते, पण दमवतात ते थांबणं, वळणं आणि पुन्हा सुटणं. एसीएल, म्हणजे गुडघ्याला आतून स्थिर ठेवणारा अस्थिबंध, फाटण्याचा धोका महिला खेळाडूंना पुरुषांपेक्षा दुपटीहून अधिक असतो, आणि बरेचदा समोर कोणी नसतानाच ती फाटते: उडी मारून उतरताना किंवा दिशा बदलताना गुडघा आत कोसळतो. फिफाचा 11+ वॉर्मअप यासाठीच आहे. 15 व्यायाम, साधारण 20 मिनिटं, आठवड्यातून किमान दोनदा. तो उरकून टाकला तर फायदा नाही. उतरताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत आहे का, हे जोडीदारणीने समोरून बघायचं. नॉर्डिक हॅमस्ट्रिंग या मांडीच्या मागच्या स्नायूंच्या व्यायामाचा कंटाळा सगळ्यांनाच येतो. तरी तो टाळू नका.

एसीएलची शस्त्रक्रिया झालीच तर नऊ महिन्यांच्या आत सामना नाही. दुखायचं थांबलं म्हणजे गुडघा तयार झाला असं नसतं. मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या बरोबरीला यावी लागते. स्पेनची अलेक्सिया पुतेयास जुलै 2022 मध्ये, युरो स्पर्धेच्या तोंडावर जखमी झाली आणि एप्रिल 2023 च्या अखेरीस मैदानात परतली. त्याच वर्षी जगज्जेत्या ठरलेल्या संघात ती होती.

पाळी बंद होणं हे फिटनेसचं लक्षण मुळीच नाही. मेहनतीच्या मानाने खाणं कमी पडतंय, असा बहुधा त्याचा अर्थ असतो. पुढे हाडं कमकुवत होतात आणि स्ट्रेस फ्रॅक्चर होतं, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला बारीक तडा जातो. सलग तीन महिने पाळी आली नाही तर संघाच्या डॉक्टरांना सांगा. सतत थकवा असेल तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. हिमोग्लोबिन ठीक असतानाही लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो.

राष्ट्रीय शिबिरात सामन्याआधी हाताशी मोजकीच सराव सत्रं असतात. तिथे कौशल्य शिकवत बसायला कोणाला वेळ नसतो. प्रेसिंग, म्हणजे चेंडू असलेल्या प्रतिस्पर्ध्यांवर चढून जाणं, कधी सुरू करायचं, कॉर्नरला कोणावर लक्ष ठेवायचं, हे पहिल्याच रात्री लिहून पाठ करा. क्लबमध्ये 8 नंबरवर खेळत असलात तरी इथे 6 वर उभं करतील. कुरकुरीचा उपयोग नाही. परतताना शिबिरातल्या धावण्याचे जीपीएस आकडे क्लबच्या फिटनेस प्रशिक्षकांपर्यंत पोचले का, ते स्वतः विचारा. शिबिर आणि क्लब दोघांनीही तुमच्याकडून पूर्ण जोर लावून घेतला की हॅमस्ट्रिंग जाते ती याच आठवड्यात.

कागदपत्रांचं काम रटाळ, पण चूक महागात पडते. दोन देशांचं नागरिकत्व असेल तर पहिला अधिकृत वरिष्ठ सामना विचार करून खेळा; नंतर देश बदलता येतो तो कडक अटींवर आणि मोजक्याच प्रसंगी. 18 वर्षांच्या आत परदेशी क्लबकडे बदली साधारणपणे होत नाही, अपवाद थोडे. फिफाच्या नियमांनुसार करार कमाल पाच वर्षांचा, 18 खालच्या मुलींचा कमाल तीन वर्षांचा. दुखापतीच्या काळात पगार, उपचार आणि विमा कोणाकडे, हे करारात शब्दांत लिहिलेलं हवं. तोंडी आश्वासन व्यवस्थापक बदलला की हवेत विरतं. प्रसूती रजेबाबत 2021 पासून किमान 14 आठवडे आणि किमान दोन तृतीयांश पगार हा नियम आहे. क्लबने त्याहून कमी लिहिलं असेल तर सही थांबवा. सही झालेल्या कराराची प्रत त्याच दिवशी मागून घ्या, आणि ती एजंटकडे न ठेवता स्वतःकडे ठेवा.