टीबीची प्रतिबंधक गोळी सुरू करण्याआधी

गेल्या खेपेला माझा कोर्स तिसऱ्या महिन्यात मोडला, आणि मोडला तो माझ्याच हातून. परवा एचआयव्ही असलेल्यांच्या आमच्या गटातली एक मैत्रीण हीच गोळी सुरू करायला निघाली. तिला फोनवर सांगताना निम्मं राहूनच गेलं, म्हणून आता लिहून काढते.

एआरटी, म्हणजे एचआयव्हीची रोजची औषधं, वेळेवर चालू आहे, सीडीफोर, म्हणजे प्रतिकारशक्तीचा आकडा, चांगला आहे, मग ही आणखी एक गोळी कशाला, असं मलाही वाटायचं. पण टीबीचे जंतू अंगात वर्षानुवर्षं निपचित पडून राहू शकतात, आणि एचआयव्ही असताना ते उठण्याचा धोका एआरटी चालू असली तरी इतरांपेक्षा जास्तच असतो. म्हणून घ्यायची.

एआरटी सेंटरला जाताना एआरटीचं पुस्तक आणि जुने रिपोर्ट न्यालच. तिथे चार गोष्टी विचारतील: खोकला, ताप, वजन उतरणं, रात्रीचा घाम. इतरांना दोन आठवड्यांचा खोकला विचारतात, आपण मात्र एका दिवसाचाही सांगायचा. धुळीचा आहे, एसटीत वारं लागलं, असं म्हणून तो लपवू नका. आत टीबी चालू असताना ही एकट्या औषधाची गोळी सुरू झाली, तर जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. त्यापेक्षा थुंकीची तपासणी आणि एक्स-रे आधी होऊ दे, गोळी थोडी उशिरा सुरू झाली तरी चालेल. हातावर सुई टोचून करायची टीबीची तपासणी मात्र आपल्याला सक्तीची नसते, तिच्यासाठी अडून बसू नका.

पूर्वी कावीळ झाली असेल, घरी कुणाला न सांगता दारू होत असेल, फिटचं औषध चालू असेल, तर तेही सांगा. काउन्सेलरसमोर लाजून उपयोग नाही, त्रास लिव्हरला होतो.

आता बी-सिक्स. टीबीच्या या प्रतिबंधक औषधाचं नाव आयसोनियाझिड. त्याबरोबर एक बारकी गोळी देतात, पायरिडॉक्सिन, म्हणजेच बी-सिक्स जीवनसत्त्व. मी ती शक्तीची गोळी समजले आणि डब्यात तशीच ठेवली. आयसोनियाझिडमुळे हे जीवनसत्त्व शरीरातून लघवीवाटे निघून जातं आणि नसा उपाशी पडतात. एचआयव्हीमुळे, कमी खाण्यामुळे, साखरेमुळे, दारूमुळे नसा आधीच नाजूक असतात. मला दुसऱ्या महिन्यात तळपायाला मुंग्या सुरू झाल्या. लग्नसराई होती, दिवसभर मशीनवर ब्लाउज शिवत होते, वाटलं बसून बसून होतंय. मग एक दिवस पायडलवर पाय आहे की नाही ते वाकून बघावं लागलं. चप्पल पायातून निघाली तरी कळेना. घाबरून मी सगळ्याच गोळ्या बंद केल्या आणि सेंटरला कळवलंही नाही. चूक झाली ती तिथे. मुंग्या आल्या की त्याच आठवड्यात जाऊन सांगायचं होतं.

म्हणून पहिल्याच दिवशी खिडकीवर विचारा, बी-सिक्स दिली का? पाकीट उघडून बघा. बाकी औषध मिळालं आणि ती संपली असेल, तर कधी येणार ते विचारूनच परत फिरा. घरी दोन्ही गोळ्या एकाच डबीत ठेवा, म्हणजे एक घेतली आणि एक राहिली असं होणार नाही. बी-सिक्स जादाची नाही, ती कोर्सचाच भाग आहे.

कोर्स दोन तऱ्हेचे. रोजचा कोर्स आयसोनियाझिडचा, सहा महिने, १८० गोळ्या. दुसरा आठवड्यातून एकदा, १२ आठवडे, त्यात आयसोनियाझिडबरोबर रिफापेंटिन हे दुसरं औषध असतं. त्यातही बी-सिक्स आहेच. तो गरोदरपणात देत नाहीत, एआरटीत नेविरापीन किंवा लोपिनावीर, अटाझानावीर ही औषधं चालू असतील तरी नाही. पाळणा लांबवायच्या गोळ्या त्याने कमजोर पडतात, दुसरा उपाय विचारून घ्या. टीएलडी, म्हणजे डोल्यूटेग्राविर असलेली एआरटीची एकत्र गोळी, चालू असेल तर डॉक्टर बघून देतात. त्या कोर्सात लघवी नारिंगी होते, घाबरू नका. पण डोळे पिवळे, उलट्या, अन्न नकोसं, पोटात उजवीकडे दुखणं, असं काही झालं तर पुढची गोळी थांबवा आणि त्याच दिवशी सेंटर गाठा.

गावाला जाताना जाण्यायेण्याच्या दिवसांपेक्षा आठ दिवसांच्या जास्त गोळ्या घ्या, बी-सिक्ससकट. घरच्या एकाला तरी सांगून ठेवा. मध्ये खंड पडला तर दुप्पट गोळ्या घेऊ नका, विचारा. एआरटी बंद करायची नाही. कोर्स संपला की पुस्तकात तारीख लिहून घ्या. पुढे कधी खोकला आला तरी सांगायचा, कोर्स झालाय म्हणून गप्प बसायचं नाही.

माझा दुसरा कोर्स आता चौथ्या महिन्यात आहे. डबी मशीनच्या खणात आहे, दोन्ही गोळ्या एकत्र.